कामाचा हात

“ती बोलेल डॉक्टरांशी. इंग्लिश मिडियमची हाय ना.”

आत्या हे शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी बाईंना सांगत होती, तेही हळू आवाजात. आत्याचा हळू आवाज म्हणजे पलीकडच्या काउंटरवरच्या मुलीनं मान वर करून बघावं इतका. मी मोबाइलमध्ये डोकं आणखी खाली घातलं. बाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि “दिसतच नाही,” असं म्हणाल्या. काय दिसत नाही, इंग्लिश की मिडियम, ते त्यांनी सांगितलं नाही.

आमच्या घरी माझं इंग्लिश मिडियम हे पाहुण्यांना दाखवायच्या वस्तूंपैकी एक आहे. बँकेत, वीजबिलाच्या खिडकीवर, दवाखान्यात, सगळीकडे मला पुढे करतात. आता माझं इंग्रजी खरंच चांगलं आहे. पण ते डोक्यात असतं. बाहेर येण्याआधी ते व्याकरण तपासतं, मग समोरच्याचा चेहरा तपासतं, आणि तोवर समोरचा निघून गेलेला असतो. माझं मराठीही असंच आहे. पण मराठीत मी गप्प बसले की लोक त्याला वळण म्हणतात, त्यामुळे ते खपून जातं.

माझ्या दुसऱ्या बाजूला आई बसली होती. तिचा खांदा आखडला होता आणि आज त्यात इंजेक्शन द्यायचं होतं.

दवाखाना नेरूळमध्येच, फरसाणच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर. सांधे, स्नायू, टाचा आणि मणके यांवर तिथं बिनऑपरेशनचे उपचार होतात. लिफ्टवर ‘दुरुस्ती चालू’ अशी पाटी होती, त्यामुळे गुडघ्यांचे पेशंट कठडा धरून, एकेका पायरीवर देवाचं नाव घेत वर येत होते. एक आजोबा वर पोचल्यावर दम खात म्हणाले, “त्या लिफ्टलापण एक सुई मारा.” भिंतीवर मोठं पोस्टर होतं: पांढऱ्या केसांचं एक जोडपं समुद्राकाठच्या वाळूत उडी मारतंय, चारही गुडघे हवेत. आमच्याकडे खाडी आहे. तिथं कुणी अशी उडी मारली, तर गुडघा बरा करण्याआधी तो चिखलातून काढावा लागेल.

माणसं मात्र मजेत होती. लग्नाच्या हॉलवर मुलांची चौकशी करावी तशी एकमेकांच्या सांध्यांची चौकशी चालली होती.

“तुमचं कुठलं?”

“टाच. तुमचं?”

“गुडघा. एकाचं गणपतीआधी झालं, हा दुसरा.”

“गुण आला?”

“आला की. पण सून म्हणते सुईचा नाही, मी भांडी घासायचं सोडलं त्याचा.”

आईचं दुखणं पावसाळ्यात सुरू झालं. आधी हात मागे जाईना, मग वर जाईना. रॅकवरचा साखरेचा डबा, वेणी, ब्लाउजचे हूक अशी एकेक गोष्ट तिच्या हाताबाहेर गेली. रात्री त्या कुशीवर वळता येईना, म्हणून ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. सकाळी मी तिचे केस विंचरायला लागले. कॉलेजच्या शेवटच्या वर्षापर्यंत माझी वेणी तिनंच घातली होती, आणि आता ती माझ्यापुढे पाटावर मान खाली घालून बसायची. “जास्त घट्ट नको,” एवढंच म्हणायची. एक दिवस हूक लावताना मला दिसलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी आरशाकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, “कांदा चिरला मगाशी.” त्या दिवशी घरात कांदा नव्हता, आणि बाबा एपीएमसीत कांद्याच्याच गाळ्यावर नोकरीला आहेत.

पहिल्या डॉक्टरांनी त्याला ‘फ्रोझन शोल्डर’ म्हटलं. बाबा म्हणाले, “तरी सांगतो, फ्रीजमधलं पाणी पिऊ नको.”

तिथून पुढे घरात थंडीविरुद्ध मोहीम निघाली. फ्रीजचं पाणी बंद, पंखा एकवर, ताक दुपारी बारानंतर नाही. आत्या करंजाड्याहून निर्गुडीचा पाला घेऊन आली. तिच्या मुलानं तिथं नवीन फ्लॅट घेतला आहे आणि त्या बिल्डिंगच्या मागच्या कुंपणाला निर्गुडी आहे. फ्लॅटमधली एवढी एकच गोष्ट आत्याला मनापासून आवडली आहे. पाल्यानं झालं नाही तेव्हा गरम विटेचा शेक झाला. विटेनं झालं नाही तेव्हा आम्ही सारसोळ्याला नस बसवणाऱ्या एका आजींकडे गेलो. त्यांनी आईचा खांदा भाजीवाल्यासमोर दुधी दाबून बघावा तसा दाबला आणि निकाल दिला, “वारा भरलाय खांद्यान. काय नाय गो बाय, चोलला का जाल.” चोळल्यावर वारा गेला की नाही माहीत नाही, आई मात्र दोन दिवस अंथरुणातून उठली नाही.

सोसायटीतही मतं होतीच. तळमजल्यावरचे काका म्हणाले, ग्रीस संपलंय. काकू म्हणाल्या, ग्रीस गुडघ्यात असतं, खांद्यात गॅप असतो. त्या दोघांचा वाद आमच्या दारात उभा राहून बराच वेळ चालला, आणि आई त्यांना चहा करायला उठली.

आता आईच्या हातांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

आमच्या घरात माणसाला उजवा आणि डावा असे हात नसतात. देवाचा हात आणि कामाचा हात असे असतात. देवाच्या हातानं जेवायचं, प्रसाद घ्यायचा, हळदीकुंकू लावायचं, पैसे द्यायचे. कामाच्या हातानं बाकी सगळं. ही भाषा आईच्या लग्नानंतर जन्माला आली. बघायच्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण कांदेपोह्यांचा ट्रे दोन्ही हातांनी धरतात. लग्नानंतर पहिल्याच पंगतीत आई वाढायला उठली तेव्हा पळी तिनं ज्या हातात धरली, तो हात बघून साताऱ्याकडची अख्खी पंगत जेवायची थांबली. बदलायला सांगून झालं, हातावर फटका मारून झालं. मग आत्यानंच मार्ग काढला. जे वाईट आहे त्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणजे ते राहत नाही. त्या हाताला कामाचा हात म्हणायचं. पाहुण्यांसमोर तो पदराखाली ठेवायचा.

तेव्हापासून आई पाहुण्यांसमोर देवाच्या हातानं वाढते आणि सांडते, आणि आत्या पाहुण्यांना सांगते, “जरा वेंधळी हाय, पण मनानं चांगली.” हळदीकुंकवाच्या दिवशी आई सगळ्यांदेखत दारापुढे रांगोळी काढते, तिचे ठिपके घाबरलेल्या मुंग्यांसारखे वेडेवाकडे पळतात. पण रोज सकाळी, मजल्यावरची दारं उघडायच्या आधी, ती दुसऱ्या हातानं रांगोळी काढायची. शाळेच्या बसला जाताना मी ती ओलांडून जायची. इतकी सरळ रेघ मी भूमितीच्या तासालाही पाहिली नाही.

आखडला तो हाच खांदा. आत्याला त्यात न्याय दिसला. “त्याच हाताला झालं बघ,” एवढंच ती म्हणाली आणि निर्गुडी वाटायला बसली.

दवाखान्यात आम्ही आधी एकदा येऊन गेलो होतो. तेव्हाच्या डॉक्टरांनी आईचे दोन्ही हात फिरवून पाहिले, समजावून सांगितलं. सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते, ती सुजून आकसली आहे. त्या सांध्यात औषधाचं इंजेक्शन दिलं की सूज आणि दुखणं उतरतं. त्यानं खांदा आपोआप सुटत नाही; पण दुखणं कमी असतं तोवर व्यायाम करून तो सोडवायचा. शुगर असेल तर काही दिवस वाढते, लक्ष ठेवायचं. त्यांचं इंग्रजी संपल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आईला म्हणाले, “पिशवी आकसलीय.”

“अगं बाई,” आई म्हणाली, “एक पिशवी काढून झाली. आता ही पण काढणार?”

डॉक्टर कशाला हसतायत ते त्यांच्या मदतनिसाला कळेना. मी तेही समजावून सांगायला हवं होतं, पण गर्भाशयाला घरोघरी काय म्हणतात हे इंग्रजीतून कसं सांगायचं ते शाळेत शिकवलेलं नव्हतं.

इंजेक्शनला सगळ्यांचा विरोध होता. औषधात स्टिरॉइड आहे हे कळल्यावर वरच्या मजल्यावरचा जिममध्ये जाणारा मुलगा आईला म्हणाला, “काकू, सायकल नीट कम्प्लीट करा, कोर्स मधेच सोडू नका.” आत्या म्हणाली, बायकांना मिशा येतात. बाबा म्हणाले, तुम्ही बायका काय ते ठरवा. मी जेवताना ताटाकडे बघत म्हणाले होते, “एकदा घेऊन बघायला हरकत नाही.” ते कुणी ऐकलं की नाही माहीत नाही. मग करंजाड्याच्या बिल्डिंगमधल्या एक बाई टाचेत सुई घेऊन जिने चढायला लागल्या, आणि एका रात्रीत आत्या या उपचाराची प्रणेती झाली. तारीख तिनंच काढली, अमावस्या टाळून. आईला मात्र तिनं बजावलं, “एकदाच. गुण आला तर आला. न्हाईतर परत या सुयांच्या नादी लागायचं न्हाई, जे हाय ते आपलं भोग म्हणायचं.” आई “हो वन्सं,” म्हणाली. आईनं वन्संना “हो” म्हटलं की ते स्टॅम्पपेपरवर लिहिल्यासारखं असतं. म्हणजे आईच्या त्या हाताला ही एकच संधी होती, हे मला कळत होतं.

आज खुर्चीवर बसल्या बसल्या आईनं विचारलं, “वन्सं, सुई कुठं देतील?”

“चांगल्या हातात,” आत्या म्हणाली. “दुखऱ्यात कोण टोचतंय? लशीच्या टायमाला नव्हतं का, ज्या हातानं काम न्हाई त्यात देत होते. औषध रक्तातनं फिरतं. बरोबर जिथं पायजे तिथं जातं.”

“तसंच असेल,” आई म्हणाली. तिला बरं वाटलेलं दिसलं. दुखऱ्या खांद्याला साधा पदर लागला तरी तिच्या अंगावर काटा यायचा.

तसं नसतं, हे मला माहीत होतं. हे इंजेक्शन रक्तात सोडायचं नसतं, थेट त्या सांध्यातच द्यायचं असतं. मी वाक्य जुळवायला घेतलं. ‘आत्या, मला वाटतं’ इथपर्यंत झालं होतं. पण आत्याला ‘मला वाटतं’ म्हणणं हे आमच्या घरात कुणाला आजवर जमलेलं नाही. तेवढ्यात आईचं नाव पुकारलं.

“एकच नातेवाईक,” नर्स म्हणाली.

आत्यानं मला पाठीत ढोसलं. “जा तू. काय म्हणतील ते नीट ऐक. आन् बोल जरा, तोंडात मूग धरून बसू नको.” मग ती स्वतःही मागून आली आणि पडद्याच्या बाहेर अशी उभी राहिली की नियम मोडला असं कुणाला म्हणता येऊ नये.

आतली खोली लहान आणि गारठलेली होती. बाबांनी बघितली असती तर आजार इथूनच येतो म्हणाले असते. आईला हिरवा गाऊन दिला. तिनं तो साडीवरूनच घातला, तर नर्स म्हणाली, “मावशी, पदर काढायचा.” आई पडद्याकडे बघत, चोरासारखी, पदर काढून बसली.

“कुठला खांदा?” नर्सनं विचारलं. तिच्या हातात मार्कर होता. “फाइल इन्शुरन्सच्या खिडकीवर अडकलीय. पण असली तरी आम्ही पेशंटला विचारतोच. चूक नको व्हायला.”

आईनं पडद्याकडे पाहिलं. पडद्याखालून आत्याच्या चपला दिसत होत्या.

“कामाचा,” आई म्हणाली.

“हां,” नर्स म्हणाली, आणि तिनं आईच्या उजव्या खांद्यावर ठळक फुली मारली.

मी फुलीकडे बघत राहिले. मग आईकडे. आई अजिबात दचकली नव्हती. उलट माझ्याकडे झुकून, परीक्षेत सोपा प्रश्न आल्यासारखं कुजबुजली, “वन्सं म्हणाल्या तसंच. चांगल्या हातात देतायत.”

“आई, तसं नसतं. तो हात नाही,” मी म्हणाले. माझा आवाज एसीच्या आवाजाखालून गेला.

“गप. ते शिकलेले आहेत.”

“त्यांना माहीत नाहीये पण.”

“मग तू काय सांगणार त्यांना?” आई म्हणाली. आणि पडद्याकडे डोळ्यांनीच दाखवलं. म्हणजे काय ते मला कळलं. सांगायचं तर तो शब्द उच्चारावा लागेल, आणि चपला तिथंच आहेत.

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. इंजेक्शनं हेच देतात, त्यांचे दिवस ठरलेले असतात. त्या दिवशी ते या पडद्यातून त्या पडद्यात असे फिरतात की त्यांचा एक हात कायम कुठल्या तरी सांध्यावर असतो. आडनावावरून मराठी होते, पण दवाखान्यात मराठी बोलायची त्यांना सवय नसावी.

“हां आँटी, टेन्शन नहीं लेने का,” ते हातमोजे चढवत म्हणाले. फुली बघितली. “अच्छा, डॉमिनंट साइड. पोळ्या लाटून लाटून, हं?”

आई नम्रपणे हसली.

“व्हय व्हय,” पडद्याबाहेरून आत्या म्हणाली. “कामाचाच हात धरलाय तिचा.”

“परफेक्ट. हात वर करा बघू.”

आईनं हात वर केला. तो सरळ वर गेला, छताकडे, ध्वजाला सलामी द्यावी तसा. मला वाटलं, संपलं, आता त्यांना कळणारच.

“अरे वा!” डॉक्टर नर्सकडे वळून म्हणाले. “बघ, याला म्हणतात पेशंट. एक्सरसाइज केलेला दिसतोय घरी.” मग त्यांनी खांद्याच्या पुढच्या बाजूला अंगठा दाबला. “दुखतंय?”

आईनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतका मोठा माणूस इतक्या आशेनं विचारतोय म्हटल्यावर तिला नाही म्हणवेना.

“थोडं,” ती म्हणाली.

“हांऽ, तेच.”

नर्सनं खांद्यावर गार जेल लावलं. सोनोग्राफीच्या मशीनवर राखाडी ढग हलायला लागले. डॉक्टर त्या ढगांकडे बघून “ठीक, ठीक” करत होते. माझ्या डोक्यात वाक्य तयार होत होतं. ‘एक्सक्यूज मी, डॉक्टर’ इथून ते सुरू होत होतं, पुढे ‘आय थिंक देअर हॅज बीन’ आणि मग मी ‘हॅज’ की ‘माइट हॅव’ यावर अडकले. पंधरा वर्षं फी भरून आईबाबांनी मला जी भाषा घेऊन दिली होती, ती माझ्या घशात एका सहायक क्रियापदापाशी उभी होती. ती भाषा दोन दिशांना सोयीची होती, हेही मला तेव्हा दिसलं. ती आत्याला कळली नसती. मी ‘लेफ्ट’ म्हटलं असतं, डॉक्टरांना समजलं असतं, आणि घरात काही घडलंच नाही असं आम्ही सगळ्यांनी मिळून धरलं असतं. पण तेवढंही बाहेर येईना.

डॉक्टरांनी सिरिंज उचलली. हवा काढली. सुईच्या टोकावर एक थेंब आला.

“राइट हँडेड, राइट शोल्डर. करेक्ट?” ते म्हणाले. हे त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं. ते प्रत्येक पडद्याआड असंच म्हणत असावेत, आरतीनंतर मंत्रपुष्पांजली म्हणावी तसं.

नर्स “येस सर” म्हणाली. पडद्याबाहेर आत्यानं घसा साफ केला. आई मान हलवायच्या बेतात होती. तिचा डावा हात मांडीवर, गाऊनच्या खाली, नेहमीसारखा लपवलेला होता. बोटं आत आत दुमडलेली, कुणी फटका मारायच्या आधी दुमडावीत तशी. तिची सकाळची रांगोळी बंद होऊन किती दिवस झाले, हे मला तेव्हा आठवलं. घरी गेल्यावर हिला गुण येणार नव्हता. आत्या भोग म्हणणार होती, आई “हो वन्सं” म्हणणार होती, आणि मी ताटाकडे बघत बसणार होते.

डॉक्टरांचा हात खाली यायला लागला. मी उठून उभी राहिले. खुर्ची मागं भिंतीवर आपटली, आणि माझा आवाज पहिल्यांदाच आत्याच्या हळू आवाजाएवढा मोठा निघाला.

“डॉक्टर, थांबा! माझी आई डावखुरी आहे.”